अर्ध्या चपातीचा डबा

प्रगतिपुस्तकात ‘उंची’ आणि ‘वजन’ असे दोन रकाने असतात. प्रत्येक सत्राला वर्गशिक्षकाने ते भरायचे. बावीस वर्षं मी ते भरते आहे. त्यातली पहिली बारा-तेरा वर्षं माझी पद्धत ठरलेली होती. काटा फळ्यापाशी ठेवायचा, हजेरी क्रमांकाने एकेकाला बोलवायचं, मी आकडा मोठ्याने वाचायचा आणि मॉनिटरने वहीत टिपायचा. एका तासिकेत अख्खा वर्ग उरकायचा.

अशाच एका तासिकेला नववीतली एक मुलगी काट्यावर उभी राहिली. वर्गात सगळ्यांत उंच, रुंद खांद्यांची, तालुक्याला गोळाफेकीत दुसरी आलेली. मी वाचलं, ‘एकसष्ट.’ मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं, मग मुलांची रांग हसली, मग मुलीही हसल्या. ‘शांत बसा’ म्हणून मी पुढचा क्रमांक पुकारला. माझ्या लेखी विषय तिथे संपला होता.

दिवाळीच्या सुट्टीनंतर एकदा मधल्या सुट्टीत मी वर्गातच थांबले होते. तिचा डबा उघडा होता. आत अर्धी चपाती, चार घड्या घातलेली, आणि काकडीच्या तीन चकत्या. त्या अर्धीतलाही एक तुकडा तिने शेजारणीच्या डब्यात सरकवला. ‘भूक नाही मॅडम,’ ती म्हणाली. मी तर काही विचारलंही नव्हतं. जानेवारीत ती मैदानावर चक्कर येऊन पडली. तिची आई शाळेत आली तेव्हा कळलं, की तीन महिने पाळी आलेली नाही, आणि घरचे भलत्याच शंकेने पोरीला धारेवर धरून बसले होते. गोळा तिने त्यानंतर हातात धरला नाही.

तो आकडा मी वाचला होता. हसण्यातून अर्ध्या चपातीपर्यंत ती कशी पोचली, हे समजून घ्यायला मला पुढची बरीच वर्षं लागली.

मुली जेवण का तोडतात, हा विषय काढला की शिक्षकांच्या खोलीत आणि पालक सभेत पहिलं उत्तर मिळतं, ‘मोबाईल.’ ते खोटं नाही. २०२१ साली फेसबुकची अंतर्गत कागदपत्रं बाहेर आली. कंपनीच्याच संशोधकांनी नोंदवलं होतं, की स्वतःच्या शरीराबद्दल वाईट वाटत असताना इन्स्टाग्राममुळे आणखी वाईट वाटतं, असं ३२ टक्के किशोरवयीन मुलींनी सांगितलं. माझ्या वर्गातल्या मुलींच्या हातात तोच फोन आहे. चेहरा अरुंद करणारे, कंबर आत ओढणारे फिल्टर त्या इतक्या सहज वापरतात, की स्वतःचा साधा फोटो पाहिला की ‘ई, हा घाण आलाय’ म्हणतात.

तरीही सगळा दोष मोबाईलवर टाकून मोकळं होणं मला पटत नाही, आणि त्याचं कारण मला फिजी बेटांवरच्या एका अभ्यासात सापडलं. तिथल्या नाद्रोगा भागात १९९५ साली टीव्ही पोचला. अ‍ॅन बेकर या मानववंशशास्त्रज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ बाईंनी त्या वर्षी आणि पुन्हा १९९८ मध्ये तिथल्या शाळकरी मुलींची पाहणी केली. वजन उतरावं म्हणून मुद्दाम उलटी काढणारी एकही मुलगी पहिल्या वेळी आढळली नव्हती. तीन वर्षांनी शंभरात अकरा आढळल्या. हा आकडा सगळीकडे सांगितला जातो. त्या समाजाची आधीची रीत मात्र फारशी कुणी सांगत नाही. तिथे भरलेलं अंग म्हणजे माणसाकडे घरच्यांचं, गावाचं नीट लक्ष आहे याची खूण मानली जायची. भूक मंदावली, माणूस उतरत चाललं, तर त्याला त्यांच्या भाषेत आजाराचं वेगळं नाव होतं आणि घरातले लगेच औषधपाण्याला लागायचे. म्हणजे मुलीच्या ताटाभोवती एक कुंपण होतं. टीव्हीला ते आधी मोडावं लागलं.

आपल्याकडे मोडायला असं कुंपण होतं का?

टीव्ही यायच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे कमी खाणारी बाई म्हणजे चांगली बाई. माझ्या माहेरी आधी पुरुषांची पंगत, मग मुलं, मग आल्यागेल्या बायका आणि सगळ्यांत शेवटी आई. तव्यावर करपलेली चपाती तिची. पातेल्याच्या तळाशी जे राहील ती भाजी तिची, आणि काही राहिलं नाही तर चटणीवर तेल. ‘तुम्ही खा, मला नाही आवडत,’ हे तिचं नेहमीचं वाक्य. आईला मटणातली नळी आवडत नाही असं मला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत खरंच वाटत होतं. माझ्या लग्नानंतर एकदा मी तिला समोर बसवून वाढलं, तेव्हा तिने ती नळी ज्या चवीने ओढून खाल्ली, ते पाहून मला रडू आलं.

मुलगी हे सगळं बघत मोठी होते. ‘मुलीच्या जातीला एवढी भूक बरी नव्हे’ असं हल्ली कुणी उघड म्हणत नाही, पण म्हणायची गरजही नाही. आई उभ्याउभ्या खाते, सणावारी सगळ्यात उशिरा खाते, चांगलंचुंगलं दुसऱ्याच्या ताटात वाढते. भूक ही बाईने झाकून ठेवायची गोष्ट आहे, हा धडा मुलगी बोलायला लागायच्या आधीच शिकलेली असते. पूर्वी घरात पुरत नव्हतं म्हणून ती झाकायची. आता घरात पुरतं, उरतं, आणि बारीक दिसावं म्हणून ती झाकायची. ‘डाएट’ हा शब्द नवा असेल, सवय जुनीच आहे. आपल्या मुली ती इतक्या लवकर उचलतात, कारण जमीन आपणच नांगरून ठेवली आहे.

उपासाचंच बघा. माझ्या दहावीच्या वर्गात एक मुलगी सोमवार, गुरुवार, शनिवार करायची, संकष्टी वेगळी, मार्गशीर्षात तर बोलायलाच नको. घरात तिचं केवढं कौतुक! ‘आमच्या पोरीची देवावर फार श्रद्धा.’ मला तिने एकदा हळूच सांगितलं, ‘उपास म्हटलं की कुणी जबरदस्ती करत नाही.’ श्रद्धेने उपास करणाऱ्यांशी माझं काही भांडण नाही, मी स्वतः एकादशी करते. पण वाढत्या वयाची पोर आठवड्यातले तीन-चार दिवस उपाशी राहते आणि घर तिला शाबासकी देतं, हे थांबायला हवं. तिने कशासाठी उपास धरला आहे, हे आईने एकदा तरी जवळ बसवून विचारायला हवं.

दुसरी गोष्ट आपल्या बोलण्याची. ‘सुटलीस की गं!’ ‘अंगाने भरली हो पोरगी.’ ‘आता जरा आवर, लग्नात उभी राहशील तेव्हा कशी दिसशील?’ आणि मुलगी मुळात किरकोळ असेल तर ‘पाप्याचं पितर’, ‘वाऱ्याने उडशील’. मधे एक अरुंद पट्टी, तिला आपण ‘चवळीची शेंग’ म्हणतो, त्या पट्टीत जी बसेल ती सुंदर. स्थळांच्या माहितीपत्रकात ‘बांधा’ असा रकाना अजून आहे आणि तिथे ‘सडपातळ’ लिहायची घाई असते. भरलेली मुलगी ‘मध्यम’ लिहिते. मुलाच्या कागदावर त्या जागी पगार असतो.

हे बोलणाऱ्यांच्या मनात वाईट नसतं, हे मला माहीत आहे. आत्या, काकू, शेजारच्या आजी यांच्याकडे मायेने बोलायला दुसरा विषयच नसतो. दोन वर्षांनी भेटलेल्या पुतणीला काय विचारायचं, तर तिचं अंगच डोळ्यांसमोर असतं. मुलगा भेटला की मात्र ‘कितवीला आहेस, काय खेळतोस’ असं सुचतं. ‘वाढतं वय आहे, खाऊ दे त्याला’ हे मी मुलांच्या बाबतीत शेकडो वेळा ऐकलं आहे. मुलीच्या बाबतीत फार क्वचित. जणू तिचं वय वाढत नाही, तिचं फक्त वजन वाढतं. मुलांनाही आता दंड आणि पोटाच्या स्नायूंचा ध्यास लागला आहे आणि त्याचे वेगळे धोके आहेत, पण त्यांच्या हातातला घास कुणी काढून घेत नाही.

माझी भाची बारावीत होती तेव्हा तिला विषमज्वर झाला. तीन आठवडे अंथरुणावर, आठ किलो वजन गेलं. अंगात त्राण नव्हतं, केस मूठमूठ गळत होते. महिनाभराने घरात एक लग्न होतं, ती साडी नेसून आली. मांडवात ज्याने त्याने थांबवून सांगितलं, ‘काय सुंदर दिसतेस! किती बारीक झालीस! काय केलंस?’ आजारी होती हे ठाऊक असलेल्यांनीही सांगितलं. रात्री माझ्याशेजारी झोपताना तिने विचारलं, ‘मावशी, मी पूर्ण बरी झाले की परत जाड होणार का गं?’ अठराव्या वर्षी पोर बरं होण्याला घाबरत होती. मला काही सुचलं नाही, मी तिच्या डोक्यावरून नुसता हात फिरवत राहिले. त्या मांडवात तिला कुणीच विचारलं नव्हतं, ‘आता जेवण जातं का?’

आता ज्या अंगातून ही काटकसर चालली आहे, त्या अंगात शिल्लक किती आहे तेही बघू. २०१९ ते २१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वर्षं वयाच्या शंभर भारतीय मुलींपैकी ५९ जणींना रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या सर्वेक्षणात तो आकडा ५४ होता. महाराष्ट्रातही निम्म्याहून जास्त मुली त्यात येतात. म्हणजे साठ मुलींच्या वर्गात मी शिकवते तेव्हा समोरच्या तीस-पस्तीस जणींना पुरेसं रक्तच नाही. दुसऱ्या तासाला पेंगणाऱ्या, जिना चढताना धापा टाकणाऱ्या, ‘लक्ष नसतं’ म्हणून आम्ही ओरडतो त्या याच.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली कुणाला किती खायला हवं याचे नवे आकडे दिले. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलीची दिवसाची गरज सुमारे २५०० उष्मांक. बैठं काम करणाऱ्या प्रौढ स्त्रीची १६६०. हे दोन आकडे शेजारी ठेवून प्रत्येक आईने एकदा पाहावेत. कार्यालयात खुर्चीवर बसणाऱ्या आईपेक्षा अकरावीतल्या मुलीला जवळपास दीडपट लागतं. दोनच वेळा जेवायचं की दर दोन तासांनी थोडं थोडं खायचं, हा वाद २०१८ च्या सुमारास मराठी घरांत किती रंगला होता ते आठवत असेल. मोठ्यांनी, साखर-रक्तदाब पाहून, डॉक्टरांना विचारून जे करायचं ते करावं. पण त्या वेळी कितीतरी घरांत आई-बाबांच्या बरोबरीने दहावीतली लेकही दोन वेळांवर आली. सकाळी सातला शाळा, मग शिकवणी, आणि पहिला घास दुपारी दीडला. आईचं डाएट जसंच्या तसं लेकीला लागू केलं की ती सरळ सरळ उपासमार होते.

या वयात शरीर बांधकाम काढून बसलेलं असतं. मुलींच्या हाडांतला साठा जवळपास ९० टक्के अठराव्या वर्षापर्यंत भरून होतो, पुढे आयुष्यभर त्यातूनच खर्च करायचा असतो. पाळी सुरू होण्याच्या आगेमागे मांड्या, कंबर भरतात, तेही त्या बांधकामाचाच भाग. त्यात काही बिघडलेलं नसतं. आणि अन्न फारच कमी पडायला लागलं की शरीर आधी पाळी बंद करतं, कारण गरोदरपण पोसण्याइतकं घरात काही नाही हे मेंदूला कळतं. कितीतरी मुलींना वाटतं, बरं झालं, कटकट गेली. पण पाळीबरोबर हाडांना बळ देणारं संप्रेरकही आटतं. चाळिशीत पाय मुरगळायचं निमित्त होऊन मोडणारं हाड चौदाव्या वर्षीच्या अर्ध्या चपातीत कच्चं राहिलेलं असू शकतं.

मुलींना हे सांगितलं की पटतं, असा माझा अनुभव आहे. जेवणाबरोबर ग्रीन टी प्यायल्याने वजन उतरतं, असं त्यांनी कुठेतरी ऐकलेलं असतं. चहातला तुरट अंश अन्नातलं लोह बांधून टाकतो आणि तेच लिंबू पिळलं तर लोह जास्त भिनतं, हे विज्ञानाच्या तासाला सांगितल्यावर चार जणींनी तरी चहाची वेळ बदलली. शाळेत आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी देतात. कितीतरी मुली ती खिडकीतून फेकतात, कारण ‘मळमळतं’. मळमळणारच, उपाशीपोटी घेतल्यावर. गोळी जेवणानंतर द्यायची आहे, आणि ही पोर जेवलेलीच नाही.

सगळ्यांत वाईट म्हणजे मुली स्वतःला दोष देतात. दिवसभर काही खायचं नाही, आणि रात्री दोनला उठून फरसाणाचा डबा रिकामा करायचा. मग रडायचं. ‘मॅडम, माझ्यात विल पॉवरच नाही.’ अशा मुलीला मी मिनेसोटाच्या तरुणांची हकिकत सांगते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४-४५ मध्ये, तिथल्या विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ धडधाकट तरुणांना स्वखुशीने सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. युद्धाने भुकेकंगाल झालेल्या युरोपला पुन्हा खायला कसं घालायचं, हे शोधायचं होतं. त्या तरुणांचं वजन सुमारे पावपट उतरलं. पण त्यांच्या डोक्याचं काय झालं ते पाहण्यासारखं आहे. ती माणसं रात्रंदिवस खाण्याबद्दलच बोलू लागली. पाककृतींची पुस्तकं गोळा करू लागली, ताटल्या चाटू लागली, उदास झाली, चिडू लागली, त्यांना सतत थंडी वाजू लागली. प्रयोग संपल्यावर काही जण पोट फुटेस्तोवर खात राहिले, तरी त्यांची भूक शमेना. निवडून घेतलेल्या निरोगी पुरुषांची ही गत. मग जेवत नाही आणि दिवसभर केकचे व्हिडिओ बघत बसते, त्या पंधरा वर्षांच्या मुलीत कसली खोट? तिचा मेंदू उपाशी मेंदूसारखाच वागतो आहे.

त्याच विद्यापीठात पुढे आणखी एक मोठी पाहणी झाली. १९९८-९९ मध्ये हजारो शाळकरी मुला-मुलींना त्यांच्या खाण्याबद्दल विचारलं आणि पाच वर्षांनी त्यांतल्या अडीच हजारांना पुन्हा गाठलं. जेवण टाळणं, उपाशी राहणं, उलट्या, गोळ्या असे उपाय करणाऱ्यांमध्ये पाच वर्षांनी वजन जास्त असण्याचा धोका इतरांच्या जवळपास तिप्पट निघाला. म्हणजे ज्यासाठी एवढा छळ सोसला तेही पदरात पडत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये काढलेल्या मार्गदर्शनात म्हणूनच पालकांना स्पष्ट सांगितलं आहे, की मुलांच्या वजनाबद्दल घरात बोलू नका, चिडवू नका, डाएट करायला लावू नका, आणि शक्य तितक्या वेळा एकत्र बसून जेवा. लठ्ठपणा आणि खाण्याचे आजार, दोन्ही टाळायला त्यांनी हाच सल्ला दिला आहे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो मी झटकून टाकणार नाही. शहरांत, आता तालुक्याच्या गावांतही, काही मुलींचं वजन खरंच वाढतं आहे. पाळी अनियमित होते, डॉक्टर ‘पीसीओडी’, म्हणजे बीजांडकोशाचा एक विकार, म्हणतात आणि वजन कमी करायला सांगतात. मग त्यांनी काय करायचं? त्यांनी डॉक्टरांचं ऐकायचं. पण डॉक्टर ‘वजन उतरवा’ म्हणतात, कसं ते सांगायला त्यांना रांगेत वेळ नसतो, आणि घरी पोचेपर्यंत त्याचं ‘जेवण बंद’ होतं. खरा बदल वेफर्सच्या पुड्यात, कोल्ड्रिंकच्या बाटलीत आणि रात्री बारापर्यंतच्या जागरणात करायचा असतो. ती चपाती कमी करते, कारण चपाती सगळ्यांना दिसते.

आणि तिचं मैदान कुणी काढून घेतलं, याचा हिशोब कधी करायचा? सातवीपर्यंत या मुली लंगडी, खो-खो खेळतात, ओढ्यापर्यंत सायकल पिटाळतात. पाळी आली की ‘आता मोठी झालीस’ म्हणून सायकल भावाकडे जाते, मैदान मुलांचं होतं. नववीपासून खेळाचा तास गणिताला दिला जातो. मीही विज्ञानाला घेतला आहे, ते मला कबूल करायला हवं. बाराव्या वर्षी तिचं पळणं आपण थांबवतो आणि चौदाव्या वर्षी तिला ‘जाड झालीस’ म्हणतो.

शासनाचं ताटही नेमकं तेव्हाच उचललं जातं. शालेय पोषण आहार आठवीपर्यंत आहे. खिचडीच्या वासाने नववीच्या मुली खिडकीशी येतात, हे मी रोज पाहते. शेजारच्या कर्नाटकात दहावीपर्यंतच्या मुलांना शाळेत जेवण मिळतं. महाराष्ट्राला ते न परवडण्यासारखं काही नाही. वर्गात सगळ्यांबरोबर, एका ओळीत बसून, एकाच पातेल्यातलं खाताना कुणी कुणाच्या ताटाकडे बघत नाही. आठवीपर्यंतच्या मुलींमध्ये मला जेवणाची लाज कमी दिसते, त्याचं एक कारण मी ही पंगतच मानते. माझी ही मागणी आहे आणि आमच्या मुख्याध्यापकांमार्फत ती मी लेखी पाठवली आहे.

शाळेत जे माझ्या हातात होतं ते मी बदललं. वजन आता प्रयोगशाळेत होतं, एकेकाचं, दार लोटून. आकडा मी लिहिते, उच्चारत नाही. विचारलं तर एकटीला सांगते, आणि त्याबरोबर उंची सांगते, गेल्या सत्रापेक्षा किती वाढली तेही सांगते. दोन तासिका जातात. कुणी तक्रार केली नाही. खेळाचा तास मी परत केला.

घरं माझ्या हातात नाहीत. मात्र गेल्या वर्षी नववीच्या पालक सभेला, नेहमीप्रमाणे बहुतेक आयाच आल्या होत्या, तेव्हा मी गुणांबद्दल बोलायच्या आधी एक प्रश्न विचारला. ‘काल रात्री तुम्ही किती वाजता जेवलात आणि कुणाबरोबर?’ वर्ग गप्प झाला. कुणी म्हणालं सव्वादहा, कुणी ‘आवरता आवरता खाल्लं’. एक म्हणाली, ‘उभ्याउभ्याच हो मॅडम, बसायला कुठं सवड?’ मी एवढंच म्हणाले, की मुलीला जेव म्हणायच्या आधी आठवडाभर तिच्या शेजारी ताट घेऊन बसा. तिच्या ताटाकडे बघू नका. तुम्ही पोटभर जेवा, आणि तिला ते दिसू द्या.

किती जणींनी ऐकलं ते मला ठाऊक नाही. चार-पाच दिवसांनी मधल्या सुट्टीत एक मुलगी टेबलापाशी आली. सभेत ‘उभ्याउभ्या’ म्हणालेल्या बाईंची लेक. म्हणाली, ‘मॅडम, आई काल आमच्याबरोबर जेवायला बसली.’

‘मग?’

‘भाजी कमी पडली. रोज पुरते, काल पुरली नाही. मग बाबा उठले आणि त्यांनी अंडी केली.’